समासातलं ‘उक्ते’

भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पेपरात मी समासात एक मराठी शब्द लिहिला आणि त्या शब्दावरून मला चोर ठरवलं गेलं. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझे केस गेले, दाढा गेल्या, मार्केट यार्डात माझे स्वतःचे गाळे झाले, पण तो राग गेलेला नाही. बायको म्हणते, “अहो, तो माणूस कधीच वारला असेल.” वारला असेल तर असो. माझ्या बाजूने मी भांडण मिटवलेलं नाही.

गाळ्यावर मी हे अनेकांना सांगितलं आहे. दर वेळी कोणीतरी मध्येच म्हणतं, “पण शेठ, त्यात एवढं काय?” मग माझं डोकं फिरतं आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून एकदा सगळी लिहून काढतो. कागद मध्ये बोलत नाही.

आम्ही पुण्यात राहायला गेलो नाही, पुणं आमच्या गावात राहायला आलं. कर्वेनगर म्हणून आज जिथे सोसायट्या दिसतात तिथे वडिलांचं रान होतं. सोसायट्या उठल्या तसे वडील भाजीच्या व्यापारात शिरले. मार्केट यार्ड गुलटेकडीला आलं तेव्हा आमचा गाळा नव्हता. दुसऱ्याच्या गाळ्यापुढच्या ओट्याची कड, तेवढीच आमची. तिथे वडील कोथिंबीर आणि मेथी विकत. पहाटे मी त्यांच्याबरोबर माल उतरवायचा आणि उजाडलं की तिथूनच सायकल काढून स्वारगेटमार्गे कॉलेजला जायचं. वर्गात माझ्या अंगाला कोथिंबिरीचा वास येई. शेजारचे नाक वर करत. मी त्यांना म्हणायचो, “हुंगायला पैसे पडत नाहीत, घ्या हुंगून.”

मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. वडिलांना ते पटत नव्हतं.

“किती वर्सं लागत्यात?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“आन मंग?”

“मग अजून दोन.”

“म्हंजे पाच. कोथिंबीर दुपारपत्तोर टिकत न्हाई, तू पाच वर्सं टिकणार व्हय?”

त्यांनी अट घातली की दर वर्षी फर्स्ट क्लास पाहिजे, नाहीतर कॉलेज सोडून ओट्यावर बसायचं. फर्स्ट क्लास म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, शब्द कुठेतरी ऐकलेला होता. मी घासाघीस करून त्यांना खाली आणलं. शेवटी ठरलं ते असं: मी पास होत राहायचं. एका जरी विषयात नापास झालो, तर पुस्तकं बंद आणि ओट्यावर बसायचं. आम्ही हातावर हात मारला. आमच्या घरात हातावर हात मारला की तो सौदा कागदापेक्षा पक्का.

पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घेई आणि पेपरही तिथलेच प्राध्यापक तपासत. आम्हाला फिजिक्स शिकवणारे सर शहरातले, जुन्या वळणाचे. शिकवायचे उत्तम, हे मी आजही नाकारत नाही. बोलायचे सावकाश आणि प्रत्येक वाक्याला बारीक धार. विद्यार्थ्यांना ‘आपण’ म्हणत, आणि ते ‘आपण’ ऐकून माणसाला शिवी बरी वाटे. त्यांना पायऱ्या लागत. उत्तर कसं आलं याची एकही पायरी गाळलेली त्यांना चालत नसे. वर्गात एकदा त्यांनी विचारलं होतं, “जिना न वापरता माडीवर सापडलेल्या माणसाला आपण काय म्हणतो?” वर्ग हसला होता. मीसुद्धा हसलो होतो.

पेपरात गणित आलं ते असं. बारा सारख्या तारा आहेत आणि त्यांचा एक सांगाडा केला आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा जो साधा आकार असतो तो डोळ्यांपुढे आणा: वर एक टोक, खाली एक टोक, आणि मध्ये चार कोपऱ्यांची चौकट. वरच्या टोकापासून चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार तारा, कोपऱ्यांपासून खालच्या टोकाला चार तारा, आणि चौकटीच्या चार. वरच्या टोकातून करंट आत सोडायचा, खालच्या टोकातून बाहेर काढायचा. तर या सगळ्या सांगाड्याचा मिळून रोध किती, ते सिद्ध करून दाखवा.

शिकवलेली रीत लांबलचक होती. प्रत्येक तारेतल्या करंटला एक अक्षर द्यायचं, प्रत्येक कोपऱ्यावर जेवढी आवक तेवढी जावक असं समीकरण मांडायचं, आणि मग ती समीकरणं एकमेकांत घालून सोडवत बसायचं. दोन पानं भरतात.

मी चित्र काढलं आणि हसू आलं. कंदील टोकाला धरून पाव फेरा फिरवला, तर फिरवला हे कोणाला कळणारसुद्धा नाही. चारही कोपरे सारखे. मग एका कोपऱ्याचं व्होल्टेज दुसऱ्यापेक्षा कमीजास्त असायला कारणच नाही. आणि तारेच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं असेल तर तिच्यातून वाहणार काय? चौकटीच्या चारही तारा बाद. उरले वरून खाली येणारे चार सारखे रस्ते, प्रत्येकात दोन तारा. चौघांचा मिळून रोध अर्ध्या तारेएवढा. संपलं.

मी दोन ओळी लिहिल्या: ‘चौकटीत करंट शून्य’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य आणि उत्तर. आणि हाताच्या सवयीने समासात लिहिलं, ‘उक्ते’.

मार्केट यार्डात हा शब्द पोरासोरांना माहीत असतो. गोण्या एकेक करून काट्यावर चढवून घेतल्या तर तो माल वजनी. आणि सगळा ढीग डोळ्यांनी जोखून एकदम घेतला, तर उक्ता. चिठ्ठीवर मालासमोर ‘वजनी’ किंवा ‘उक्ते’ असं लिहायची पद्धत. पहाटे मी तशा चिठ्ठ्या लिहीत होतो, दुपारी पेपर. मी ते गणित उक्तं काढलं होतं, तसं लिहिलं.

आठवड्याभराने शेवटचा पेपर सुटला तेव्हा शिपाई दाराशी आला आणि माझं नाव पुकारून म्हणाला, “प्राचार्यांनी बोलावलंय. गैरप्रकार समिती.”

खोलीत तिघं होते. मध्ये प्राचार्य. त्यांच्या एका बाजूला गणिताच्या मॅडम, ज्या मला शिकवत नव्हत्या, फक्त तोंडओळख. दुसऱ्या बाजूला आमचे सर, कारण तक्रार त्यांचीच होती. टेबलावर माझा पेपर उघडा ठेवलेला आणि समासातल्या शब्दाभोवती लाल वर्तुळ. मला बसायला सांगितलं नाही.

प्राचार्य म्हणाले, “कॉपी सिद्ध झाली तर या परीक्षेचा निकाल रद्द होतो, हे माहीत आहे ना?”

निकाल रद्द म्हणजे सगळ्या विषयांत नापास. घरचा सौदा माझ्या डोळ्यांपुढून सर्रकन गेला.

“मी कॉपी केलेली नाही,” मी म्हणालो.

“तसं आपणच लिहून दिलं आहे,” सर म्हणाले. त्यांनी पेपर बोटाने माझ्याकडे सरकवला. “उक्त. वच् धातू. अर्थ, सांगितलेले. उत्तर कोणीतरी सांगितलं, ते आपण उतरवलं, आणि प्रामाणिकपणे तशी नोंदही केली. ‘उक्ते’ ही इथे सप्तमी आहे की द्विवचन, एवढाच प्रश्न उरतो.”

प्राचार्यांच्या ओठांवर हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. मला ना सप्तमी कळली ना द्विवचन. एवढंच कळलं की माझा रोजचा शब्द या माणसाने उचलून त्याच्याच भाषेत नेऊन उभा केला आहे आणि तिथे तो माझ्याविरुद्ध साक्ष देतो आहे.

“सर, हा संस्कृत शब्द नाही. हा मार्केट यार्डातला शब्द आहे,” मी म्हणालो आणि घाईघाईने वजनी आणि उक्ते यातला फरक सांगितला, कंदिलाचा पाव फेराही हवेत फिरवून दाखवला. माझा आवाज चढत गेला. ओट्यावर आवाज चढवल्याशिवाय कोणी ऐकत नाही, ती सवय.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रुमालाने बोटांवरचा खडू पुसत म्हणाले, “म्हणजे नुसत्या डोळ्यांनी अंदाज केला. तो बरोबर आला. ही बाजारू युक्ती झाली. भौतिकशास्त्र नव्हे.”

‘बाजारू’ हा शब्द आमच्याकडे कोणासाठी वापरतात ते मराठी माणसाला सांगायला नको. मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत हलली.

“माझ्या बापाला बाजारू म्हणायचं नाही!”

“आपल्या वडिलांचा इथे विषयच नव्हता.”

“बाजारात बसतो तो माझा बाप! दुसरं कोण बसतं?”

“बाहेर जा,” प्राचार्य म्हणाले. “आधी बाहेर जा. शांत झालात की बोलावतो.”

मी बाहेर आलो. व्हरांड्यात बाक होता, त्यावर बसलो नाही. सगळं हातातून गेलं असं वाटत होतं. गिऱ्हाईक हातचं जातं ते भावामुळे नाही, तोंडामुळे जातं, हे वडील मला रोज सांगत. आणि रोज सांगूनही माझं तोंड होतं तसंच होतं.

थोड्या वेळाने गणिताच्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मला आत नेलं नाही. दार ओढून घेतलं आणि तिथेच उभ्या राहून विचारलं, “मला एक सांग. ढीग उक्ता घ्यायचा की नाही, हे तू कसं ठरवतोस?”

मी फुरंगटून म्हणालो, “बघून.”

“काय बघून?”

“गोण्या सारख्या आहेत का ते. मागची पुढे ठेवली, खालची वर ठेवली, तर मला फरक कळेल का? नाही कळणार अशी खात्री झाली तरच उक्तं घेतो. जरा शंका आली की काट्यावर.”

 त्या म्हणाल्या, “याला सममिती म्हणतात. अदलाबदल केली तरी फरक पडत नाही, ही नुसती युक्ती नाही. फिजिक्सचे मोठे नियम यावर उभे आहेत. प्रयोग आज केला काय आणि उद्या केला काय, निसर्गाला फरक पडत नाही, म्हणून ऊर्जा कायम राहते. इथे केला काय आणि तिथे केला काय, फरक पडत नाही, म्हणून संवेग कायम राहतो. तुझे सर हेच तिसऱ्या वर्षाला शिकवतात, आणि फार सुंदर शिकवतात.”

“मग मला चोर का म्हणतात?”

“कारण तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. आत चल. आणि हात खिशात ठेव.”

एरवी मी त्यांना आणखी विचारलं असतं. त्या वेळी ऊर्जा कायम राहते की नाही याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. माझं नाव राहतं की नाही, एवढंच डोक्यात होतं. मी हात खरोखरच खिशात घातले.

आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, याला फळ्यावर उभं करा. उत्तर सांगोवांगी आलं असेल तर एका प्रश्नात कळेल.”

प्राचार्यांच्या खोलीत वेळापत्रकासाठी एक छोटा फळा होता. सर उठले. त्यांनी तो कंदील काढला, इतका रेखीव की छापल्यासारखा. मग चौकटीची एक तार खडूने गिरवून जाड केली.

“ही तार बदलली. हिचा रोध आता वेगळा. किती, ते मी सांगणार नाही. आता आपला पाव फेरा फिरवून दाखवा. आणि एकूण रोध सांगा.”

मी फळ्याकडे बघितलं. पाव फेरा फिरवला तर जाड तार दुसरीकडे जाणार, म्हणजे फिरवल्याचं कळणार. माझे चार सारखे कोपरे आता सारखे राहिले नव्हते. पेपरातलं सगळं माझं भांडवल त्या फेऱ्यावर होतं आणि त्या माणसाने नेमकं तेच काढून घेतलं होतं.  बाहेर कोणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं.

राग आला की मला एक सवय आहे, समोरची वस्तू उलटी करून बघतो. जुडी उलटी करून बघतो, पाटी उलटी करून बघतो, बुडाशी काय लपवलंय ते कळतं. मी तो कंदील मनात उलटा केला. वरचं टोक खाली, खालचं वर. वरच्या चार तारा खाली गेल्या, खालच्या वर आल्या. चौकट मात्र जागच्या जागी. जाड तारही जागच्या जागी.

“तेच उत्तर,” मी म्हणालो. “अर्धी तार.”

“अंदाज?”

“अंदाज नाही. फिरवता येत नाही, पण वरचं खाली उलटता येतं. उलटल्यावर काही बदलत नाही. म्हणजे चारही कोपरे वरच्या टोकापासून जेवढे लांब, तेवढेच खालच्यापासून लांब. चौघांचं व्होल्टेज बरोबर निम्मं. त्यांच्यामध्ये जाड तार लावा, बारीक लावा, नाहीतर काढून टाका. तिच्यातून काही जाणारच नाही, तर तिची चौकशी कशाला?”

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. सरांनी जाड तार पुसली. चौकटीऐवजी वरच्या टोकापासून कोपऱ्याला येणारी एक तिरपी तार जाड केली.

“आता?”

मी फिरवून बघितलं, उलटून बघितलं. दोन्ही वेळा जाड तार जागा सोडत होती. समोर तिघं उत्तराची वाट बघत होते आणि माझ्या जिभेवर ‘तेच उत्तर’ येऊन बसलं होतं. एकदा भाव मिळाला की माणसाला पुन्हा तोच भाव लावायचा मोह होतो. यार्डात पुष्कळ जण अशानेच बुडालेले मी बघितले होते.

“आता उक्तं होणार नाही,” मी म्हणालो. “आता काट्यावर घालावं लागेल. जाड तारेच्या दोन बाजूंचे दोन कोपरे अजून एकमेकांसारखे आहेत, म्हणून एक अक्षर वाचेल. बाकी समीकरणं मांडावी लागतील. मांडू का?”

मी खडू घेतला आणि मांडायला लागलो. तीन समीकरणं झाली असतील. सर म्हणाले, “पुरे.”

त्यांनी ते ‘पुरे’ कसं म्हटलं हे मी आजवर नीट सांगू शकलेलो नाही. हरलेल्या माणसासारखं नाही. तपासणी झाली, आता झाका, असं काहीतरी. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि पेपर मिटला. ‘बाजारू’ मागे घेतो असं काही म्हणाले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, “सर, कुठे थांबायचं हे कॉपी करणाऱ्याला कळत नाही.”

“ते मान्य आहे,” सर म्हणाले. “पण यांनी आज जे तोंडाने सांगितलं ते पेपरात नाही. प्रश्नात ‘सिद्ध करून दाखवा’ असं लिहिलं होतं. मी पेपर तपासतो, मनं तपासत नाही.”

प्राचार्यांना जेवायला जायचं असावं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “असं करू. संशयाचा फायदा देऊन यांना सोडतो. तशी नोंद करतो. आणि समितीपुढे प्रकरण आलेलंच आहे, तर मॅडम या प्रश्नाची फेरतपासणी करतील, जे गुण बसतील ते देतील. ठीक?”

“ठीक नाही,” मी म्हणालो.

मॅडमनी डोळे मिटले.

“संशयाचा फायदा म्हणजे संशय राहिलाच,” मी म्हणालो. “उद्या कोणी फाइल उघडली तर काय दिसेल? की हा चोर असेलही, पण सापडला नाही. मला तसं नको. तक्रार मागे घ्या. तक्रार चुकीची होती असं लिहा.”

“अहो, ही मंडई आहे का?” प्राचार्य वैतागले.

“मंडई असती तर केव्हाच मिटलं असतं साहेब. तिथे चुकीचा माल परत घेतात.”

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, “मी तक्रार मागे घेतो.”

“मग प्रकरणच उरत नाही,” प्राचार्य म्हणाले. “प्रकरण नाही तर समिती नाही, आणि समिती नाही तर फेरतपासणी कसली? पेपर आधी तपासला होता तसाच राहील.”

“म्हणजे या प्रश्नाला शून्य,” सर माझ्याकडे वळून म्हणाले. “पायऱ्या नाहीत म्हणून. नाव हवं की गुण हवेत, ते आपण ठरवा.” आणि जरा थांबून, “विचार करून सांगा.”

याच तीन शब्दांवर आमच्या घरात आजही वाद होतो. बायको म्हणते, तो इशारा होता. माझ्या पेपरात एकूण किती गुण आहेत हे त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि नियमाबाहेर न जाता त्यांना जेवढं सांगता येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. मी म्हणतो, तो टोमणा होता. मला बाजारात वाढलेल्या माणसाचं एक गणित माहीत होतं: समोरचा ‘विचार करा’ म्हणाला की त्याची पकड सुटलेली असते, तो आपल्याला घाबरवून खाली आणायला बघत असतो. तेव्हा अजिबात हलायचं नाही.

मी हललो नाही. “नाव,” म्हणालो.

“मुला, घरी जाऊन उद्या सांगितलंस तरी चालेल,” मॅडम म्हणाल्या.

“उद्याही हेच सांगेन.”

सरांनी कागद ओढला. सुबक अक्षरात दोन ओळी लिहिल्या: समासातील शब्दाचा अर्थ लावण्यात चूक झाली असल्याने तक्रार मागे घेत आहे. खाली सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. मी प्राचार्यांकडून त्याची प्रत मागून घेतली. प्रत मिळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

निकाल फलकावर लागला तेव्हा गणित, रसायन, सगळं सुटलं होतं. फिजिक्समध्ये मी नापास होतो. थोडक्यात. त्या प्रश्नाचे निम्मे गुण मिळाले असते तरी आरामात सुटलो असतो. फलकापुढे गर्दी होती आणि मागची पोरं ढकलत होती. मी पुन्हा पुन्हा तोच आकडा वाचत होतो. उत्तर बरोबर. रीत बरोबर, तिघांसमोर फळ्यावर तपासलेली. नाव स्वच्छ, सही-शिक्क्यानिशी. आणि त्याला शून्य. हे ज्याला न्याय वाटतं त्याच्याशी मी आजही भांडायला तयार आहे.

सर तेवढ्यात जिन्यावरून खाली आले. मला बघून थांबले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मी पाठ फिरवली आणि सायकल काढली.

यार्डात पोहोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. वडील ओट्याच्या कडेवर बसून उरलेल्या जुड्यांवर पाणी मारत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं, “फिजिक्स गेलं.”

“गेलं म्हंजे?”

“नापास.”

त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. “आन ते चोरीचं?” मी घरी एक अक्षर बोललो नव्हतो, पण यार्डात कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“तक्रार मागे घेतली. लिहून दिलंय.” मी कागद पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी ओले हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि सही कुठे आहे ते विचारलं. मी दाखवली. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं बघितलं.

“मंग ऑक्टोबरला पुन्यांदा बस की,” ते म्हणाले. “एकच इषय तर हाय. लोकांची पोरं बसत्यात. पुढच्या वर्गात बी जाता येतं म्हनं.”

हे त्यांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. माझ्यासाठी त्यांनी आधीच कुठेतरी चौकशी करून ठेवली होती.

“आपलं काय ठरलं होतं?” मी विचारलं.

“ठरलं व्हतं ते मी घातलेलं व्हतं. मी सोडतो.”

“एकट्याने सोडून चालत नाही. हात दोघांनी मारलाय.”

“आरं, मीच सोडतोय तर तुला काय अडचन हाय?”

अडचण काय होती ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आणि आता सांगायची इच्छा नाही. तीन शिकलेल्या माणसांसमोर मी माझा एक शब्दही बदलला नव्हता, आणि आता बापाशी मारलेला हात मी मागे घ्यायचा, हे माझ्याने होत नव्हतं. सगळा राग त्या माणसावर होता आणि मी तो तिथे, ओट्यावर, बापासमोर काढत होतो.

“मी बसतो,” मी म्हणालो. “सरका.”

 वडिलांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि अंगाखालचं बारदान अर्धं माझ्याकडे ओढलं.

“लई श्याना झालास,” ते म्हणाले. “हिकडं बस. तिकडनं ऊन येतं.”

मी बसलो. एक खानावळवाला समोर येऊन उभाच होता. त्याने शिळ्या जुड्यांचा भाव विचारला, मी सांगितला. तो हसून घासाघीस करायला लागला, वडीलही मध्ये पडून म्हणाले, दे रे, रोजचं गिऱ्हाईक हाय. त्या दिवशी मी कोणालाच काही सोडलं नाही.